शिळं पाणी

बाटलीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता ऑफिसात उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या घरोघरी जाऊन पिण्याच्या पाण्याचे नमुने गोळा करत होत्या. खांद्याला निळी पेटी, पेटीत बाटल्या, बाटल्यांवर टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. लोक त्यांना लांबूनच ओळखायचे आणि चहाचं आधण ठेवायला धावायचे. "आधी नळ, मग गप्पा," असं त्या म्हणायच्या, आणि नळ झाला की पुढच्या घरी पळायच्या. गप्पा गेली एकतीस वर्षं उधारच होत्या.

नळापाशी त्यांचं सगळं ठरलेलं असायचं. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, त्यावरून ज्योत फिरवायची आणि मग नळ सोडून मनातल्या मनात एकशे वीसपर्यंत आकडे मोजायचे. मोजून झाल्याशिवाय बाटली पुढे करायची नाही. पाण्यात जंतू आहेत का हे बघायचं तर हेच बरोबर असतं, नाहीतर नळाच्या तोंडाचा मळ बिचाऱ्या पाण्याच्या माथी बसतो. राज्यातले निम्मे नमुनेवाले त्यांच्या हाताखाली शिकून गेले होते आणि त्यातला एकही एकशे वीसच्या आत थांबत नसे. थांबला असता तर ताईंनी त्याचा कान धरला असता, मग तो कितीही मोठा साहेब झालेला असो.

गेल्या हिवाळ्यात राज्यभर शिशाची तपासणी निघाली. जुन्या इमारतींतले पाइप शिशाचे, सांधे शिशाचे, नळांच्या पितळेतसुद्धा थोडं शिसं. पाणी रात्रभर त्यात बसून राहिलं की शिसं पाण्यात उतरतं. मोठ्यांना ते वाईटच, पण लहान मुलांच्या तर मेंदूला लागतं, आणि लागलेलं वरून दिसत नाही. म्हणून परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: सहा तास नळ बंद ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा जे पाणी येईल तेच, काहीही न सांडता, बाटलीत घ्या.

ताईंनी परिपत्रक दोनदा वाचलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांनी स्वतःसुद्धा आपण ते वाचलं नव्हतं असं कधी म्हटलं नाही. पहिल्या दिवशी पहिल्या घरी त्या सहाला पोचल्या. घरच्या बाईने रात्रभर नळाला कुणाला हात लावू दिला नव्हता. ताईंनी नळ सोडला, जरासं गढूळ पाणी आलं, आणि ती बाई ओशाळली. जणू तिच्याच घरची घाण बाहेर पडली होती. ताईंना कसंसंच झालं. एवढ्या मायेने दार उघडणाऱ्या बाईच्या घरचं शिळं पाणी आपण प्रयोगशाळेत पाठवायचं, हे त्यांच्या हाताला पटेना. सहा तास बंद ठेवायला सांगितलंय, ते ठेवलंच आहे की, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि आकडे मोजायला सुरुवात केली. एकशे वीस झाले, पाणी काचेसारखं आलं, बाटली भरली. अशीच मग एकूण दोनशे चाळीस घरं, शाळा आणि पाळणाघरं झाली. दुसऱ्या घरापासून त्यांनी त्यावर विचारसुद्धा केला नाही.

निकाल आले तेव्हा ताईंचा विभाग राज्यात पहिला. दोनशे चाळीसपैकी एकाही बाटलीत शिसं नाही. साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी ताईंसाठी प्रशस्तिपत्राची शिफारस केली, आणि प्रत्येक नळावर लावायला गोल हिरवे स्टिकर छापून आले: 'पाणी सुरक्षित'. ते ताईंनी स्वतः फिरून लावले. बोटाने दाबून, कडा नीट बसवून, बुडबुडा राहणार नाही असे.

एक स्टिकर धाकटीच्या नळावर लागला. धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. जुन्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर तिचं पाळणाघर होतं, तिथे ती बावीस मुलांची मावशी होती. त्यात तिची स्वतःची नातही होती. अडीच वर्षांची पोर, पण अजून तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता, म्हणून सगळे तिला गप्पूबाई म्हणायचे. बोलेल हळूहळू, काही पोरं उशिराच बोलतात, असं प्रत्येकजण म्हणायचा. गप्पूबाई काही न बोलता ऐकून घ्यायची.

स्टिकर लावून पाच महिने झाले होते. एका दुपारी प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. मॅडम तरुण होत्या, कामाला चोख, आणि ताईंना मान देणाऱ्या.

"ताई, एक विचारू का? राज्याचा अहवाल लिहितेय. सगळ्यांचे फॉर्म बघत होते. पाण्याचं तापमान फक्त तुम्हीच भरलंय, प्रत्येक फॉर्मवर. बाकीच्यांनी तो रकाना कोराच सोडलाय."

"मी भरतेच," ताई म्हणाल्या. "रकाना आहे तर भरायचा."

"तेच ना. म्हणून विचारते. तुमच्याकडचं पाणी एवढं गार कसं? घराघरात नऊ-दहा अंश. पाणी रात्रभर स्वयंपाकघरातल्या पाइपात बसलं तर खोलीइतकं तरी कोमट हवं. नऊ अंश म्हणजे थेट रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीतलं झालं." मग त्यांनी विचारलं, "तुमचं थर्मामीटर बिघडलंय का?"

ताईंना तिथेच उत्तर देता आलं असतं. हो, बिघडलंय म्हटलं असतं की विषय मिटला असता. मॅडमनी बहुधा त्यासाठीच ती वाट ठेवली होती. ताईंनी "बघते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मग पेटीतून थर्मामीटर काढून पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या नमुनेवाल्याचं थर्मामीटर मागून तेही बुडवलं. दोन्ही एकच आकडा दाखवत होती. थर्मामीटर ठीक होतं, पाणीच वाहिनीतलं होतं. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, दोनशे चाळीस फॉर्मांवर, त्यांची चूक लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला त्या धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात एकच बाटली.

"अगं, एवढ्या सकाळी? घरी बरंय ना सगळं?" धाकटीने केस बांधत विचारलं.

"बरंय. नळाला हात लावलास का?"

"नाही अजून. आता पावडरच्या दुधासाठी पाणी भरणारच होते."

"थांब. मला आधी भरू दे."

ताईंनी बाटली नळाखाली धरली आणि नळ सोडला. हात सवयीने मागे येऊ बघत होता, त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. पहिला थेंब बाटलीत पडला. धाकटी बघत राहिली.

"जाळी काढली नाहीस, ज्योत नाही, आकडे नाहीत. तब्येत बरी आहे ना तुझी, ताई?"

"दुधाला पाणी रोज याच वेळी भरतेस?"

"हो की. मुलं यायच्या आत पातेलं भरून, उकळून ठेवते. पूर्वी आधी बादलीभर सोडून द्यायचे, खिडकीतल्या कुंड्यांना. पहिलं पाणी जरा गढूळ येतं ना. पण तू तो हिरवा स्टिकर लावलास तेव्हापासून ती बादली बंद केली. म्हटलं, ताईने तपासलंय, उगीच कशाला वाया घालवायचं?"

ताईंनी बाटलीचं झाकण लावलं. ते दोनदा वाकडं बसलं. उकळल्याने जंतू मरतात, शिसं मरत नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. हे त्यांना माहीत होतं आणि धाकटीला माहीत नव्हतं. पाच महिने बावीस मुलं ते दूध पीत होती. स्टिकर नसता तर ते पाणी कुंड्यांना गेलं असतं.

"आजचं पाणी ओतून दे," ताई म्हणाल्या. "दूध विकतच्या पाण्यात कर. निकाल येईपर्यंत या नळाचं काही नको."

"पण तूच तर म्हणालीस—"

"मी चुकले. चुकीचं पाणी तपासलं मी. निकाल आला की सगळं सांगते."

आतल्या खोलीतून गप्पूबाई उठून आली, मावशीआजीच्या पायाला मिठी मारून उभी राहिली आणि बाटलीकडे बोट दाखवून वर बघायला लागली. ताईंनी तिला उचललं नाही. उचललं असतं तर त्या रडल्या असत्या, आणि प्रयोगशाळा आठला उघडत होती.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. शिसं लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आत असायला हवं, ते चौसष्ट होतं. मॅडमनी फोनवर आकडा सांगितला आणि पुढे विचारलं, "ताई, हा एकच नमुना आहे. मी काय लिहू?"

"आधी मला साहेबांकडे जाऊ द्या," ताई म्हणाल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची नोकरीची तीन वर्षं उरली होती, त्यांना सगळं सुरळीत पार पडायला हवं होतं, एवढंच. त्यांनी ताईंना बसायला सांगितलं, पूर्ण ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"बहिणीच्या इमारतीचे पाइप बदलून घेऊ. उद्याच माणसं पाठवतो. पण बाकीचं उकरून काढायलाच हवं का, ताई? पुढच्या वर्षी फेरतपासणी आहेच. तेव्हा बरोबर घ्या. तुमचं नाव खराब व्हायला नको, निवृत्ती तोंडावर आलीय."

"साहेब, ज्या विभागात शिसं सापडलं तिथले पाइप आधी बदलणार आहेत ना?"

"हो, तसं ठरलंय."

"आणि आपल्याकडे सापडलंच नाही. म्हणजे आपण सगळ्यात शेवटी. किती वर्षांनी?"

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, सरळ ठेवली. "आठ. कदाचित दहा."

"गप्पूबाई बारा वर्षांची होईल," ताई म्हणाल्या. साहेबांना गप्पूबाई कोण हे कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही.

"लोक तुम्हाला नावं ठेवतील," शेवटी ते म्हणाले. ते धमकी देत नव्हते. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"ठेवू देत. एकतीस वर्षं बाटलीताई म्हणतायत, आणखी एक नाव पचेल."

त्याच दुपारी ताईंनी तपासणीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. माझ्या विभागाचे दोनशे चाळीसही नमुने चुकीच्या पद्धतीने घेतले आहेत, सूचना स्पष्ट होती, चूक सर्वस्वी माझी आहे, हे निकाल बाद करावेत. खाली एक ओळ जास्तीची होती, ती लिहायला त्यांना पत्रापेक्षा जास्त वेळ लागला: राज्यातल्या ज्या कर्मचाऱ्यांना मी शिकवलं त्यांची यादी सोबत जोडली आहे, त्यांचेही नमुने तपासून बघावेत. त्रेपन्न नावं होती. एकेक नाव लिहिताना त्यांना त्या त्या पोराचा चेहरा आठवत होता. ओठ हलवत एकशे वीसपर्यंत मोजणारा.

धाकटीला सांगणं पत्रापेक्षा अवघड होतं. पाळणाघराच्या बुटक्या खुर्च्यांवर दोघी समोरासमोर बसल्या, गुडघे हनुवटीला टेकवून. ताईंनी आकडा सांगितला. धाकटीने आधी बावीस मुलांची नावं बोटांवर म्हटली, कोण दोन वाट्या दूध पितं, कोण अर्धी टाकतं. मग ती उठली, नळापाशी गेली आणि स्टिकर नखाने खरवडायला लागली. तो निघेना. ताईंनी इतका पक्का बसवला होता की त्याचे कपटे निघत होते.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून झालं हे," धाकटी पाठमोरी म्हणाली. "दुसऱ्या कुणी लावला असता ना, तर मी ती बादली सोडतच राहिले असते."

ताई उठल्या आणि दुसऱ्या बाजूने नखाने खरवडायला लागल्या. दोघी बहिणी एका नळाला धरून कपटे काढत राहिल्या.

मुलांचं रक्त तपासलं. सोळाजणांचं ठीक निघालं, सहाजणांचं वाढलेलं. त्यात सगळ्यात जास्त गप्पूबाईचं, कारण बाकीची मुलं संध्याकाळी घरी जायची आणि ती तिथेच राहायची. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की आकडा फार वर नाही, पाणी थांबलं की उतरेल, खाण्यापिण्याकडे नीट लक्ष द्या, तीन महिन्यांनी परत बघू. तिच्या न बोलण्याचं कारण हेच का, असं धाकटीच्या मुलाने, म्हणजे गप्पूबाईच्या बापाने, विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की हो म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. त्यातलं 'नाही पण म्हणता येत नाही' ताईंच्या मनात कायमचं राहिलं. धाकटीचा मुलगा त्यांच्याशी तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. धाकटी दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून आली, डबा घेऊन, आणि म्हणाली, "जेवलीस का? तोंड बघ कसं उतरलंय." माफी अशी वेगळी कुणी मागितली नाही, दिलीही नाही. दोघींनी डबा संपवला.

मुख्य कार्यालयाने निकाल बाद केले. प्रशस्तिपत्राऐवजी ताईंना ताकीद मिळाली, लेखी. तीही त्यांनी नीट घडी घालून फाइलमध्ये लावली, कारण कागद आहे तर लावायचा. त्रेपन्नपैकी एकोणीस जणांनी तशीच चूक केली होती असं निघालं. मॅडमनी फोन करून सांगितलं, "ताई, तुम्ही तापमान भरलं नसतं ना, तर हे कुणाला कधीच कळलं नसतं." ताई म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नसतं तरी." मग फेरतपासणीचा आदेश निघाला, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले असताना बाटलीताई पुन्हा पहिल्या घरापासून निघाल्या.

यावेळी आदल्या दिवशी त्या प्रत्येक दाराशी जायच्या, चूक सांगायच्या, आणि सकाळी माझ्याआधी नळ सोडू नका म्हणून बजावायच्या. कुणी हसून घ्यायचं, कुणी तोंडावर दार लावायचं. एकजण म्हणाला, "आधीच्या वेळी खरं होतं की आता खरं आहे?" ताईंनी मान्य केलं की प्रश्न रास्त आहे.

एकेचाळिसावं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी मशीन, आणि बाईला सातवा महिना. ताई सहाला पोचल्या तेव्हा दार उघडंच होतं. ओटा घासून लख्ख केलेला, नळाचं तोंड पुसलेलं, त्याची जाळी काढून बशीत ठेवलेली. नळाखालची बादली काठोकाठ भरलेली होती.

"या ताई," बाई कौतुकाने म्हणाली. "काल तुम्ही आलात तेव्हा मी कपडे द्यायला गेले होते, शेजारणीने निरोप दिला. म्हटलं, ताई येणार तर सगळं तयार ठेवू. तुम्ही गेल्या वेळी दाखवलं होतं तस्संच केलं. पुसून घेतलं, आणि एकशे वीसपर्यंत मोजलं. दोनदा."

ताई बादलीकडे बघत राहिल्या. मग पेटी खाली ठेवून स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. बाई घाबरली.

"माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं. माझंच आहे ते, तुझ्याकडे येऊन राहिलंय." ताईंनी नाक पुसलं. "आज मला बाटली भरता येणार नाही. उद्या परत येते. रात्री झोपण्याआधी नळ बंद कर आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस. पुसू नकोस, जाळी काढू नकोस, काही करू नकोस."

"आणि तोवर प्यायला? हेच पाणी ना?" बाईचा हात नकळत पोटावर गेला.

"प्यायचं असेल तेव्हा असंच बादलीभर सोडून दे आणि मग भर. तपासायचं असेल तेव्हा नको. मी हेच उलटं करून बसले होते." त्यांनी पेटी उघडली, तयार करून आणलेल्या चिठ्ठीवरची तारीख खोडली आणि खाली टपोऱ्या अक्षरात दुसऱ्या दिवसाची लिहिली.

मग निळी पेटी बंद करून बाजूला ठेवली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या, "चहा कर बाई, घेते. बादलीतलं नको, आता नळाला येईल ते घे."

बाईने नळाखाली पातेलं भरलं. ताई नळाकडे बघत होत्या.

"आणि लक्षात ठेव," त्या म्हणाल्या, "सकाळचं पहिलं पाणी माझं. त्याच्यानंतरचं तुझं आणि बाळाचं."